पाच लॉगिन, एक मन

शनिवारची रात्र, पावणेदहाची वेळ. गोदीबाहेर एक मालवाहू जहाज नुकतंच लुटलं गेलेलं. त्याचा कप्तान लुटारूंपैकी एकाला स्थानिक चॅटमध्ये लिहितो:

‘तुम्ही मला शब्द दिला होता.’

समोरून उत्तर येतं:

‘कोणता शब्द?’

दुसऱ्या कुठल्या पात्राने हे उत्तर दिलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. चाचे शब्द विसरतातच. पण हे पात्र मोहोळाचं होतं, आणि मोहोळ ही आमच्या खेळातली परग्रहावरची जात. तिची शरीरं हजारो, मन मात्र एक. दोनच तासांपूर्वी मोहोळाच्या दुसऱ्या एका शरीराने याच कप्तानाला सांगितलं होतं, ‘तुझ्या जहाजाला आम्ही हात लावणार नाही.’ एका माणसाने ‘मला माहीत नव्हतं’ म्हटलं तर ते पटतं. मोहोळाला तसं म्हणायची सोयच नाही, कारण सगळ्यांना सगळं माहीत असणं हीच तर त्या जातीची ओळख. त्या दोन शब्दांच्या प्रश्नाने आमचं सहा महिन्यांचं काम उघडं पडलं. ते का पडलं, आम्ही काय केलं आणि त्यातलं काय टिकलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी मांडणी सांगतो. खेळ अंतराळातला, हजारो लोकांनी एकाच वेळी खेळायचा. त्यात आमचा मराठीत रोलप्ले करणारा, म्हणजे पात्राच्या भूमिकेत शिरून बोलणारा-वागणारा, चाळीसेक जणांचा गट आहे. मोहोळ आम्ही पाच जण चालवायचो. प्रत्येकाकडे एक शरीर, त्याला आम्ही ‘अंग’ म्हणायचो, आणि अंगांना नावं नव्हती, क्रमांक होते: पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. ‘अंग’ हा शब्द मुद्दाम निवडला होता. तो नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘तिसरं आलं’, ‘पाचवं बोललं’ असं आपोआप तोंडात बसलं आणि ‘तो की ती’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात संपला. पहिलं अंग माझ्याकडे होतं आणि जातीची एकंदर जुळवाजुळवही माझ्याकडेच.

सामूहिक मन खेळायला अवघड का, हे बाहेरून चटकन लक्षात येत नाही. स्टेलारिससारख्या रणनीतीच्या खेळात २०१७ च्या युटोपिया विस्तारापासून अशा मनाचं अख्खं साम्राज्य चालवता येतं, आणि तिथे अडचण येतच नाही, कारण खेळाडू एकटाच ते मन असतो. आमच्यासारख्या खेळाची घडण वेगळी. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा अनेकांनी मिळून, नुसत्या मजकुरातून खेळायचा खेळ लिहायला घेतला, तेव्हापासून बहुतेक ऑनलाइन जगं एका गृहीतकावर उभी आहेत: एक लॉगिन, एक पात्र, डोक्यावर एक नाव. पात्र जिथे उभं आहे तिथलंच त्याला दिसतं आणि ऐकू येतं. आमच्या खेळात स्थानिक चॅट तीस मीटरपर्यंत पोचायचं. पंधरा मिनिटं कळ दाबली नाही तर खेळ तुम्हाला बाहेर काढायचा. मेलात तर पाच मिनिटांनी गोदीवर तेच शरीर, तेच नाव, तोच चेहरा. एका अंगाच्या झोळीतलं सामान दुसऱ्याला हातोहात दिल्याशिवाय मिळायचं नाही. खेळाची प्रत्येक सोय ‘तू एकटा आहेस’ असं सांगणारी, आणि आम्हाला दाखवायचं होतं की आम्ही एकटे नाही.

वरवरच्या अडचणी आम्ही लवकर सोडवल्या होत्या. पाचही अंगांना एकच चेहरा, एकच उंची, एकच राखाडी पोशाख. एका बारीक गोष्टीने मात्र महिनाभर छळलं. पात्र नुसतं उभं राहिलं की दर चाळीसेक सेकंदांनी ते आपोआप मान खाजवायचं. ही हालचाल खेळानेच घातलेली, बंद करता यायची नाही. पाच अंगं ओळीने उभी, सगळं सभागृह गंभीर, आणि तेवढ्यात चौथं मान खाजवतं, सात सेकंदांनी पहिलं. जे मन स्वतःची मान पाच वेगवेगळ्या वेळी खाजवतं त्याला एक कोण म्हणणार? शेवटी तिसरं चालवणारीला सापडलं की बसलेलं पात्र काहीच हालचाल करत नाही. तेव्हापासून मोहोळ थांबलं की बसतं. लोकांनी त्याचे अर्थ लावले: मोहोळ बसलं म्हणजे विचार करतंय. आम्ही ते नाकारलं नाही आणि पुढे ते खरंच तसं झालं.

आता मूळ चुकीकडे येतो. आमचं गृहीतक साधं होतं: पाच जणांचा जो खाजगी चॅनेल, तेच मोहोळाचं मन. तिथे लिहिलं की सगळ्यांना कळलं. हे चालतंय असं वाटायचं, कारण मोठे प्रसंग आम्ही ठरवून, पाचही जण हजर असताना करायचो. त्या शनिवारी काहीच ठरलेलं नव्हतं. तिसरं सात वाजता एकटं गोदीवर होतं, कप्तान भेटला, बोलणं रंगलं आणि तिने शब्द दिला. तिने तो चॅनेलमध्ये नीट लिहिलासुद्धा. साडेआठला ती गेली. पाचवं चालवणारा आला साडेनऊनंतर. खेळाच्या चॅनेलला मागचा इतिहास नसतो, तुम्ही आत आल्यापासूनचंच तुम्हाला दिसतं. त्याच्यासमोर कोरी पाटी होती. चाच्यांच्या टोळीने बोलावलं, दुसरं आधीच त्यांच्यासोबत होतं, हा गेला. दुसरं चालवणारी सातला हजर होती, पण त्या वेळी ती चालू लढाईत होती आणि तिच्या पडद्यावरून ती ओळ वर सरकून गेली. म्हणजे दोघांपैकी एकाला शब्द कधी दिसलाच नाही आणि दुसरीला दिसूनही पोचला नाही.

त्या रात्री आमच्या पाच जणांतलं पहिलं मत होतं की सारवासारव करावी. मोहोळ खोटं बोललं, तो डाव होता, असं म्हणून मोकळं व्हावं. मी त्याला ठाम विरोध केला आणि आजही माझं तेच मत आहे. एकदा ‘तो डाव होता’ म्हटलं की पुढच्या प्रत्येक विसंगतीला तीच पळवाट मिळते, आणि मोहोळाच्या शब्दाला कुणी विचारत नाही. शिवाय कप्तान चालवणाऱ्याचा चार संध्याकाळी खपून गोळा केलेला माल गेला होता. तो आमच्या कौशल्याने गेला नव्हता, आमच्या गलथानपणाने गेला होता. मी रात्रीच त्याला खेळाबाहेर निरोप पाठवला: चूक आमची आहे, हवं तर प्रसंग पुसून टाकू, माल परत देऊ. त्याचं उत्तर सकाळी आलं. पुसू नका, घडलं ते घडलंच असू दे, पण उत्तर खेळात द्या. त्याच्या या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

उत्तर द्यायचं तर मोहोळाचं मन नेमकं कसं चालतं ते आधी ठरायला हवं होतं. इतके दिवस ‘एक मन’ हे आम्ही नुसतं घोषवाक्यासारखं वापरलं होतं. पुढचे चार दिवस आम्ही पर्याय घासूनपुसून पाहिले.

एकाच माणसाने पाचही खाती चालवावीत, हा पहिला. आमच्या खेळाचे नियम त्याला आडवे येत होते. मोठ्या खेळांतही याचा इतिहास आहे: ईव्ह ऑनलाइनने २०१५ च्या सुरुवातीपासून आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०२० च्या अखेरीस, एकच कळ दाबून अनेक खात्यांना एकदम हुकूम देणाऱ्या सॉफ्टवेअरवर बंदी आणली. पण नियम नसते तरी मला हा पर्याय नको होता. एका माणसाची पाच पात्रं ही बाहुल्यांची रांग होते, कारण बोलायला त्याच्याकडे दोनच हात असतात.

दुसरा पर्याय, एकाने मेंदू व्हावं आणि बाकीच्यांनी विचारून वागावं. हे आम्ही अगदी सुरुवातीला दोन आठवडे केलं होतं आणि मेंदू मी होतो. प्रत्येक संवादात समोरच्याला थांबवून मला विचारायचं, मी उत्तर द्यायचं, मग ते टाइप व्हायचं. मी झोपलो की जात झोपायची. चौथं चालवणारा तेव्हा म्हणाला होता, ‘मी खेळतोय की टपाल पोचवतोय?’ त्याचं बरोबर होतं.

तिसरा पर्याय निसर्गाकडे पाहून सुचला. आम्ही गृहीत धरलं होतं की एक मन म्हणजे एका क्षणात सगळीकडे सगळं ठाऊक. पण जिथे अनेक शरीरं मिळून खरोखर एक निर्णय घेतात, तिथे असं कुठेच घडत नाही. मधमाश्यांचा थवा नवं घर निवडतो तेव्हा प्रत्येक माशीला प्रत्येक जागा माहीत नसते. शोधाला गेलेल्या माश्या नाचून जागा सांगतात (या नाचाचा अर्थ उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं), इतर काही जाऊन पाहून येतात, आणि एका जागेवर पुरेशा माश्या जमल्या की थवा उठतो. निर्णय थव्याचा असतो, पण तो तासन्‌तास, कधी काही दिवस, मुरत असतो. ऑक्टोपसला साधारण ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या दोनतृतीयांशाच्या आसपास मेंदूत नसून बाहूंमध्ये असतात. बाहू बऱ्याच गोष्टी आपल्या आपण ठरवतो आणि प्राणी तरीही एकच. वाळवीच्या बांधकामाचा अभ्यास करताना पिएर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये मांडलं की वाळवी एकमेकींना हुकूम देत नाही, आधीच्या कामाची जी खूण मातीत राहिली तीच पुढच्या वाळवीला काम सांगते. आणि अंतराळातच बोलायचं तर मंगळापासून पृथ्वीवर यायला प्रकाशालासुद्धा ३ ते २२ मिनिटं लागतात. पसरलेलं मन मंद असणारच. आम्ही त्याला मंद होऊ दिलं नव्हतं, म्हणून ते खोटं ठरलं.

तर ठरलं असं: मोहोळाचं मन एक आहे, पण त्यात विचार पोचायला वेळ लागतो. जे पोचलं तेच मोहोळाला माहीत. आणि पोचलं की नाही हे पाहायची जागा एकच, एक सामायिक वही. खेळ संपवताना प्रत्येकाने वहीत तीन ओळी लिहायच्या: काय पाहिलं, काय बोललो, काय देणं लागतो. आत येताना अंगाला जागच्या जागी बसवायचं, वही वाचायची, मगच उठायचं. या बसण्याला आम्ही ‘मुरणं’ म्हणायला लागलो.

नियमाची खरी धार त्याच्या दोन्ही बाजूंना होती. वहीत नाही ते तुम्हाला माहीत नाही, मग ते तुम्ही फोनवर ऐकलेलं असो की दुसऱ्याच्या पडद्यावर पाहिलेलं. आणि वहीत आहे ते तुम्हाला माहीत आहेच, गैरसोयीचं असलं तरी. सामूहिक मन खेळणाऱ्याला सगळ्यात मोठा मोह कसला होतो, तर खेळाडू म्हणून जे कळलं ते पात्राला बिनदिक्कत वापरू देण्याचा. बाकी कुणी असं केलं तर त्याला फसवणूक म्हणतात. मोहोळाला ते ‘आमचं मन एकच आहे’ म्हणून पचवता येतं. आम्हीही सहा महिने थोडंफार पचवत होतो, हे मला इथे लिहायलाच हवं. लोकांना ते जाणवत होतं आणि त्या शनिवारच्या रागात ते जुनं साठलेलंही होतं.

पाचव्या दिवशी आम्ही पाचही अंगं घेऊन कप्तानाच्या जहाजासमोर गेलो आणि बसलो. तो बाहेर आला. त्या प्रसंगाची नोंद माझ्याकडे आहे:

‘शब्द तिसऱ्याकडे होता,’ चौथं म्हणालं.

‘पाचव्याकडे पोचला नव्हता,’ दुसरं म्हणालं.

‘पोचला नव्हता तोवर तो आमचा नव्हता,’ पहिलं.

‘आता आहे,’ पाचवं.

मग पाचव्याने लुटीतला आपला वाटा कप्तानाच्या पायाशी ठेवला आणि दुसऱ्याने आपला. कप्तानाने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग विचारलं, ‘म्हणजे यापुढे तुमच्यातल्या एकाचा शब्द किती वेळाने खरा धरायचा?’ हा प्रश्न आम्ही ठरवलेला नव्हता. तिसऱ्याने उत्तर दिलं, ‘एकदा झोप. मग खरा.’ तेव्हापासून मोहोळाचा शब्द दुसऱ्या दिवशी पक्का होतो, हे सगळ्या गटाला माहीत झालं.

याची किंमत मोजावी लागली आणि ती मोजावी लागली म्हणूनच हे टिकलं, असं मला ठामपणे वाटतं. खेळाची मर्यादा जर जातीचा स्वभाव म्हणून दाखवायची, तर त्या स्वभावाचा तोटाही जातीने सोसला पाहिजे, नाहीतर ती नुसती सबब होते. दोनच आठवड्यांत कप्तानाने मोहोळाचा मंदपणा हेरून वापरला. त्याने एकाच वेळी गोदीवर पहिल्याला आणि दूरच्या खाणीवर चौथ्याला तोच प्रश्न दोन माणसांकरवी विचारला, दोन वेगळी उत्तरं मिळवली, आणि मोहोळाचं अजून काही ठरलेलं नाही ही खबर चाच्यांना विकली. आमचा एक तळ त्यात गेला. पाचही जण त्या रात्री आनंदात होतो. मोहोळ पहिल्यांदाच कुणाला तरी इतकं खरं वाटलं होतं की त्याने त्याच्या दुबळेपणाचा अभ्यास केला.

निर्णय कसा घ्यायचा, इथे मात्र आम्ही अडखळलो. सुरुवातीला सगळ्याच गोष्टींना तीन अंगांची संमती ठेवली. परिणाम असा की साधं इंधन घ्यायचं की नाही यालाही दोन दिवस लागायचे आणि समोरचे कंटाळून निघून जायचे. मग ऑक्टोपसचा बाहू आठवला: रोजचं, लहानसहान प्रत्येक अंगाने स्वतः ठरवावं. शब्द देणं, हल्ला आणि विलय (दुसऱ्याचं पात्र मोहोळात सामील करून घेणं) या तीन गोष्टींना तिघांची संमती. अडवायला एक शब्द ठेवला, ‘थांब’. हाही माश्यांकडून आला. टॉमस सीली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की शोधाला गेलेली माशी दुसऱ्या जागेचा प्रचार करणाऱ्या नाचऱ्या माशीला डोक्याने धक्का देऊन, बारीक आवाज काढून थांबवते. आमच्याकडे पहिल्या महिन्यात ‘थांब’ची चैन झाली. एकाला लढाई नकोशी वाटली की थांब, झोप आली की थांब. मग मी तो निष्कर्ष पुन्हा नीट वाचला. माशी थांबवते ती तिने स्वतः दुसरी जागा पाहिलेली असते म्हणून. तेवढं नियमात घातलं: ज्याच्याकडे दुसरा पर्याय आहे आणि तो वहीत लिहिला आहे, त्यानेच ‘थांब’ म्हणावं. कटकट त्या दिवशी संपली.

आता भाषेबद्दल, कारण मोहोळ मराठीत खेळलं नसतं तर ते इतकं उभं राहिलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. रोज बोलताना हा भेद आपण विचार न करता पाळतो. एका मनाच्या जातीसाठी मात्र तो आतला आणि बाहेरचा यांच्यामधली सीमारेषाच झाला. मोहोळ स्वतःला ‘मी’ म्हणत नाही, हे पहिल्यापासून ठरलं होतं. त्याचा एक न मागता मिळालेला फायदा: ‘मी जातो’, ‘मी जाते’ यात खेळणाऱ्याचं लिंग उघडं पडतं, ‘आम्ही जातो’, ‘आम्ही गेलो’ हे सगळ्यांना सारखंच. तीन पुरुष आणि दोन बायका एका आवाजात बोलू शकल्या त्या या व्याकरणामुळे.

‘आपण’ आम्ही राखून ठेवला. मोहोळ तो शब्द फक्त एकाच वेळी वापरणार, समोरच्याला स्वतःत सामील करून घ्यायची तयारी असेल तेव्हा. पाच महिने तो कुणीच उच्चारला नव्हता. मग एका प्रसंगात जखमी खाणकामगाराशेजारी बसून दुसरं म्हणालं, ‘आपण घरी जाऊ.’ चॅट थांबलं. कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, पण तिथल्या प्रत्येकाला त्या एका शब्दाचा अर्थ कळला होता. (विलयाबद्दल एक गोष्ट आवर्जून: दुसऱ्याचं पात्र मोहोळात ओढणं हे त्या खेळाडूला आधी खेळाबाहेर विचारल्याशिवाय कधीच नाही. त्या खाणकामगाराच्या खेळाडूने आदल्या रात्री होकार दिला होता. इथे कुठलाही अपवाद मी मान्य करणार नाही.)

आदरार्थी बोलण्याने तर खजिनाच उघडला. मोहोळ सगळ्यांना ‘तू’ म्हणतं, सेनापतीलाही, कारण त्याच्या दृष्टीने एकच शरीर असलेला जीव एकटाच. त्यामुळे लोक एका माणसाबद्दल अनेकवचनात बोलले की त्याचा गोंधळ होतो. गोदीवर कुणीतरी म्हणालं, ‘सेनापती आले.’ चौथ्याने विचारलं, ‘किती?’ आणि सेनापतीने शिष्टाचाराने ‘आपण बसावं’ म्हटलं तेव्हा चौथं उठलं आणि त्याच्या शेजारी, त्याच्याच बाकावर जाऊन बसलं. त्याला वाटलं, हा स्वतःहून सामील होतोय. सेनापती चालवणारीने ते इतकं सुंदर पेललं की पुढचे तीन आठवडे त्यांच्या तहाच्या वाटाघाटी या एका गैरसमजाभोवती फिरत राहिल्या.

बोलणं आखूड ठेवायलाही खेळानेच भाग पाडलं. चॅटच्या एका संदेशाला २४० बाइटची मर्यादा होती. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि पाय मोडल्याची खूण धरून, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट खातं. म्हणजे आम्हाला जेमतेम ८० चिन्हं. नुसतं ‘आम्ही’ लिहिलं की १५ बाइट गेले. इतरांना याचा त्रास व्हायचा, लांब वाक्यं तुटायची. मोहोळाने वाक्य अंगाअंगांत वाटून घेतलं. एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं, वर कप्तानासमोर झालं तसं. यात एकाच गोष्टीची काळजी घ्यावी लागली: दोन अंगांनी एकदम टाइप केलं तर वाक्याची खिचडी होते. म्हणून बोलण्याचा क्रम नेहमी जागेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे. लढाईत मोहोळ बोलतच नाही, कारण घाईत प्रत्येकाच्या बोटांतून ‘अरे थांबा, मी मेलो’ निघतंच. ते एकदा निघालं होतं.

काही गोष्टी शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. सहावं अंग म्हणून एक जण आला, चांगला खेळणारा, पण वहीची शिस्त त्याला ओझं वाटली आणि दीड महिन्यात तो गेला. त्याला दोष देत नाही, रोज दहा मिनिटं वाचून मग खेळणं हे सगळ्यांसाठी नाही. गुपिताचा प्रश्नही अवघड गेला. एका डॉक्टरीण पात्राने चौथ्याला विश्वासात घेऊन काहीतरी सांगितलं आणि ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणाली. चौथ्याने उत्तर दिलं, ‘आम्हाला सांगितलंस.’ पात्राला धक्का बसला ते ठीक, पण तिला चालवणारी खरोखर दुखावली. तिने ते एका माणसाला सांगितलं होतं असं तिला वाटत होतं. तेव्हापासून अशा बोलण्याआधी आम्ही कंसात, खेळाबाहेरचं म्हणून, सांगून टाकतो: इथे सांगितलेलं पाचही जण वाचतील.

राहिला मृत्यू. अंग मेलं की पाच मिनिटांनी तेच परत उभं राहतं, हे मोहोळाला सोपं होतं: नवं अंग उगवलं, क्रमांक तोच. पण मेलेल्या अंगाने जे पाहिलं त्याचं काय? नियम केला की मरण्याआधी चॅनेलमध्ये किंवा वहीत जे पोचलं नाही ते गेलं. हा नियम कागदावर किरकोळ दिसतो.

सातव्या महिन्यात दुसरं एका लघुग्रहामागे चाच्यांच्या लपलेल्या तळावर अचानक जाऊन पोचलं. ज्या तळासाठी आम्ही दोन महिने धडपडत होतो तो तिच्या पडद्यावर होता. तिने चॅनेल उघडला, पहिलं अक्षर टाइप केलं आणि अंग मेलं. त्या रात्री तिने वहीत लिहिलं: ‘काय पाहिलं: आठवत नाही. काय बोललो: काही नाही. देणं: नाही.’ आम्हा बाकी चौघांना तिने काहीच सांगितलं नाही. पुढचे एकोणीस दिवस मोहोळ त्या तळाला सगळीकडे शोधत राहिलं, आणि दुसरं आमच्यासोबत, आम्ही म्हणू त्या चुकीच्या दिशेला, रोज संध्याकाळी निमूटपणे येत राहिलं. एकदा तर त्या लघुग्रहाच्या जवळून गेलो आणि तिने ‘थांब’ म्हटलं नाही.

विसाव्या दिवशी पाचव्याला तळ सापडला आणि ते जिवंत परतलं. त्याने वहीत जागा लिहिली. थोड्या वेळाने दुसरं आत आलं, बसलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसून राहिलं, मग उठलं आणि चॅनेलमध्ये एकच ओळ लिहिली: ‘आता आम्हाला माहीत आहे.’